'होली स्पायडर' फोंड्यात दाखवावा का?

फोंडेकर

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचं एक लहानसं चित्रपट मंडळ आहे. महिन्याला एक सिनेमा, मग चहा आणि चर्चा. पुढच्या महिन्यासाठी मी 'होली स्पायडर' सुचवला आणि मंडळात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, दाखवायलाच हवा. दुसरा म्हणतो, पणजीत दाखवा, मडगावात दाखवा, फोंड्यात नको.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवटही सांगणार आहे, पाहायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. इराणमधलं मशहद म्हणजे इमाम रझांच्या दर्ग्याचं शहर, शिया पंथाचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथे २०००-२००१ मध्ये सईद हनाई नावाच्या बांधकाम मजुराने १६ बायकांना मारलं. इराण-इराक युद्धात लढून आलेला, बायको-मुलं असलेला माणूस. रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना मोटरसायकलवर बसवून घरी आणायचा आणि त्यांच्याच डोक्यावरच्या रुमालाने गळा आवळायचा. पकडल्यावर म्हणाला, मी शहर स्वच्छ करत होतो. त्याची बाजू घेणारेही निघाले. २००२ मध्ये त्याला फाशी झाली. अली अब्बासीचा हा चित्रपट २०२२ चा. शेवटी सईदचा मुलगा कॅमेऱ्यासमोर आपल्या धाकट्या बहिणीला जमिनीवर झोपवतो आणि बाबा कसं करायचे ते करून दाखवतो. मी खूप हिंसक सिनेमे पाहिलेत, पण त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

फोंड्यात नको का, ते गोंयकारांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी लिहितो. २००९ साली फोंडा पोलिसांनी शिरोड्याकडच्या महानंद नाईकला पकडलं. १९९४ पासून १६ मुली-बायका मारल्याची कबुली त्याने दिली, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. लग्नाचं आमिष दाखवायचं, दागिने घालून यायला सांगायचं, आडजागी न्यायचं, दुपट्ट्याने गळा आवळायचा आणि सोनं विकून टाकायचं. इथेही १६, इथेही तिच्याच अंगावरचं वस्त्र. हा सिनेमा पाहताना फोंड्याचा माणूस मशहदमध्ये राहूच शकत नाही.

म्हणून विचारतो: असा चित्रपट, ज्या तालुक्यात त्या मुलींचे आईबाप, भाऊ-बहिणी अजून राहतात तिथे दाखवावा का? आणि तुम्ही स्वतः असे सिनेमे पाहता तेव्हा काय होतं?

सुलभा_म्हापसा

नको. एवढंच.

मांडवीकाठ

माझं मत स्पष्ट आहे, दाखवा.

खुन्यांवरचे बहुतेक सिनेमे शेवटपर्यंत चेहरा लपवून आपल्याला कोड्यात गुंतवतात, आणि त्या कोड्याच्या मजेत आपण मेलेल्या बायकांना विसरतो. अब्बासी सुरुवातीलाच सईदचा चेहरा दाखवून टाकतो. 'कोण' हा प्रश्नच उरत नाही. मग आपण बघायला लागतो ते शहराकडे. पोलीस, मौलवी, शेजारी, हॉटेलचा कारकून. एकट्या बाईला खोली द्यायची की नाही, एवढ्या साध्या प्रसंगात अर्धा सिनेमा कळतो.

थोडी माहिती भर म्हणून. हे चित्रीकरण इराणमध्ये होणं शक्यच नव्हतं, ते जॉर्डनमध्ये झालं. सिनेमात खुन्याचा माग काढणारी पत्रकार रहिमी हे पात्र काल्पनिक. ती भूमिका करणारी ज़ार अमीर इब्राहिमी मुळात या चित्रपटाची कास्टिंग डायरेक्टर होती. ठरलेली अभिनेत्री ऐनवेळी मागे हटली आणि तिने स्वतः भूमिका घेतली. तिचं खासगी चित्रण पसरवून तिला बदनाम केलं गेलं होतं आणि त्यापायी तिला स्वतःचा देश सोडावा लागला होता. त्या बाईला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. रहिमी जेव्हा समोरच्या पोलीस अधिकाऱ्याकडे बघते तेव्हा त्या नजरेत अभिनयापेक्षा जास्त काहीतरी आहे.

केपेकर

चित्रपट पाहिलाय, चांगला आहे. पण फोंडेकर, तुमची तुलना मला पटत नाही.

मशहदच्या माणसाने धर्माचं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे महानंदला कोणी पाठिंबा दिला? एकाही माणसाने नाही. २००९ च्या त्या उन्हाळ्यात मी शिरोड्यात होतो, लोक संतापाने पेटले होते. त्याचा हेतू सोनं. उगीच सगळ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. फोंडा म्हणजे मशहद नव्हे.

आकडा जुळला, कापड जुळलं, म्हणून गोष्ट एक होत नाही.

पोदेर_आयलो

चहाबरोबर भजी असतील तर कळवा, मी काणकोणहून येतो.

फोंडेकर

@पोदेर_आयलो: भजी नक्की. या.

@केपेकर: पाठिंब्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि हा फरक मला मोलाचा वाटतो. पण मला जी गोष्ट छळते ती वेगळी आहे. मशहदमध्ये एकामागून एक प्रेतं सापडत होती, वर्तमानपत्रं लिहीत होती, सगळ्या शहराला माहीत होतं की कोणीतरी मारत सुटलाय. आपल्याकडे १९९४ ते २००९ एवढ्या काळात असा कोणी आहे हेच ठाऊक नव्हतं. एवढासा तालुका. आपल्याला कोणाच्या घरी कुठला पाहुणा आला ते संध्याकाळपर्यंत कळतं. आणि १५ वर्षं मुली जात होत्या हे कळलं नाही.

टाळ्या वाजवणारं शहर भयंकर, हे मान्य. पण ज्या शहराला पत्ताच लागत नाही, त्याबद्दलही बोलायला हवं ना?

केपेकर

बोला की. पण त्यासाठी इराणचा सिनेमा कशाला? इथल्या घटनेवर थेट बोला.

पुण्यात_गोंयकार

धागा वाचून जुनं आठवलं. पुण्यात आलो तेव्हा जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाच्या गोष्टी शेजारच्या काकांकडून ऐकल्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, आणि करणारे कॉलेजातले विद्यार्थी. काका सांगायचे, दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे, दार उघडण्याआधी लोक आतून दहा प्रश्न विचारायचे. १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यावर 'माफीचा साक्षीदार' आला, नाना पाटेकर होता. काकांनी तो पाहिला नाही. म्हणाले, जे आम्ही दाराआड बसून भोगलं ते तिकीट काढून कशाला बघू?

आणि तरी हेच काका रामन राघवबद्दल तासभर बोलायचे. १९६८ मध्ये रमाकांत कुलकर्णींच्या पथकाने त्याला मुंबईत पकडलं. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. मेलेले जवळपास सगळे फुटपाथवर नाहीतर झोपड्यांत झोपणारे. काकांना त्याची भीती वाटत नव्हती, कारण ते फुटपाथवर झोपत नव्हते. मला आज कळतं की आपल्याला कोणता सिनेमा बघवतो आणि कोणता नाही, हे आपण त्या मेलेल्यांच्या किती जवळचे आहोत यावर ठरतं. तुमच्या मंडळातले 'नको' म्हणणारे लोक कुठले आहेत ते बघा, फोंडेकर.

मांडवीकाठ

@पुण्यात_गोंयकार: अनुराग कश्यपच्या 'रामन राघव २.०'च्या सुरुवातीला तर पडद्यावर चक्क लिहून येतं की हा चित्रपट त्याच्याबद्दल नाही. नवाजुद्दीन अफाट आहे, पण त्या सिनेमाने मला मेलेल्यांबद्दल काहीच दिलं नाही. श्रीराम राघवनने त्याआधी, १९९१ मध्ये, रघुवीर यादवला घेऊन याच माणसावर लहानसा चित्रपट केला होता. मिळाला तर जरूर बघा.

वकील_मडगाव

इथे एक कायद्याचा मुद्दा घालतो, कारण '१६ खून कबूल केले' हे वाक्य लोक '१६ खून सिद्ध झाले' असं वाचतात.

पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. आता विचार करा, दहा-बारा वर्षांपूर्वी विकलेलं सोनं कुठून मिळणार? ते वितळून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात गेलेलं असतं. मृतदेह सापडला असेल तर तेव्हा बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लागलेली असते. साक्षीदाराला तारीख आठवत नाही. म्हणूनच महानंद नाईकला जन्मठेप झाली ती मोजक्या खटल्यांत. बऱ्याच खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला.

लोक याचा राग कोर्टावर काढतात. पण पोलिसांपुढची कबुली पुरावा मानायला लागलो तर उद्या कोणालाही मारहाण करून काहीही वदवून घेता येईल. खरी हानी झाली ती मुलगी हरवली त्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा कोणी नीट शोध घेतला असता, तिच्या मैत्रिणींना विचारलं असतं, तर पुरावा मिळाला असता. आणि बहुधा पुढची मुलगी वाचली असती.

रानमेवा

वकीलसाहेबांच्या मुद्द्यावरून 'मेमरीज ऑफ मर्डर' आठवला! कोरियन, बोंग जून-हो, २००३. कोणी अजून पाहिला नसेल तर आजच बघा. ह्वासोंग नावाच्या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ मध्ये बायकांचे खून झाले त्यावर आहे. गावातले पोलीस सापडेल त्याला धरून बडवतात आणि कबुली घेतात. शेवटी खुनी सापडतच नाही, आणि तो पोलीस थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे बघतो. दिग्दर्शकाला वाटत होतं की खरा खुनी हा सिनेमा बघायला येईल आणि ती नजर त्याच्यावर पडेल.

खरी गोष्ट त्याहून भारी आहे. २०१९ मध्ये डीएनएवरून तो माणूस सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो आधीच तुरुंगात होता! १४ खून कबूल केले, पण मुदत संपल्यामुळे त्या खुनांसाठी खटला चालवता आला नाही. आणि त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे २० वर्षं तुरुंगवास भोगला होता. २०२० मध्ये त्याची निर्दोष सुटका झाली. वकीलसाहेब सांगतात ती कबुलीची भीती ही अशी.

वकील_मडगाव

@रानमेवा: उत्तम उदाहरण. हा सिनेमा आमच्या प्रत्येक कनिष्ठ वकिलाला दाखवायला हवा.

सुलभा_म्हापसा

मी एका ओळीत 'नको' लिहून गेले होते. आता सविस्तर लिहिते.

मी फोंडा तालुक्यात बरीच वर्षं नोकरी केली. २००९ च्या त्या महिन्यांत कार्यालयात रोज तोच विषय. डब्याच्या वेळी, बसमध्ये, बाजारात. काय बोलत होते लोक? त्याने कसं मारलं. कुठे नेलं. दुपट्टा कसा आवळला. वर्तमानपत्रांत रोज त्याचा फोटो. आणि मुलींबद्दल काय बोलत होते? 'लग्नाच्या नावाने कोणाबरोबरही जायचं म्हणजे काय', 'घरच्यांनी लक्ष नको ठेवायला?' हे मी शिकलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय. केपेकर म्हणतात पाठिंबा कोणी दिला नाही. नाही दिला. पण मेलेल्या मुलीला बोल लावणं हेही काही कमी नाही. मशहदचे लोक जे रस्त्यावर ओरडून म्हणाले तेच आपण डबा खाताना हळू आवाजात म्हटलं.

आता सिनेमाकडे येते. मी तो पाहिलाय. गळा आवळण्याचे प्रसंग किती वेळ चालतात? कॅमेरा त्या बाईच्या चेहऱ्यावर का थांबतो? तिचे पाय, तिचे डोळे, तिचा आवाज. मांडवीकाठ म्हणतात, दिग्दर्शक मेलेल्यांना विसरू देत नाही. मला वाटतं तो त्यांना मरताना दाखवतो, जगताना फार थोडं दाखवतो. पहिली बाई झोपलेल्या लेकराचा निरोप घेऊन रात्री बाहेर पडते, ती सुरुवात मला आवडली, कारण तिथे ती बाई आहे. बाकीच्या कितीजणींची नावं तुम्हाला आठवतात?

हे सगळं फोंड्यात, जिची बहीण अशीच गेली तिच्यासमोर दाखवणार? चहाभजीबरोबर?

पोदेर_आयलो

सुलभाताई, भज्यांचं मी बोललो तेव्हा एवढा विचार नव्हता केला. तुमचा प्रतिसाद वाचून दुपारभर अस्वस्थ आहे.

मांडवीकाठ

सुलभाताई, हरकत मोठी आहे आणि ती मी टाळणार नाही. कान महोत्सवाच्या वेळीही काही समीक्षकांनी हेच म्हटलं होतं. माझं उत्तर एवढंच की कॅमेरा वळवला असता तर आपल्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. हा खून आपण पूर्ण बघतो, त्यामुळे नंतर लोक 'चांगलं काम केलं' म्हणतात तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो. ते दृश्य कापलं तर दुसऱ्या अर्ध्या भागातली सगळी धार जाते.

पण एकदा दाखवणं आणि पुन्हा पुन्हा दाखवणं यात फरक आहे, आणि तिथे दिग्दर्शकाचा तोल सुटतो हे मला दिसतं.

बाय_डिचोली

मी एवढे दिवस नुसती वाचते, आज लिहितेय. असे सिनेमे मला बघवत नाहीत. घोवाला फार आवड, तो रात्री लावून बसतो आणि मी आत जाऊन दार लावते. मला वाटायचं मी भित्री. पण सुलभाताईंचं वाचून कळलं की पडद्यावर मरणारी नेहमी माझ्यासारखीच कोणीतरी असते, बस चुकलेली, एकटी निघालेली. त्याला ती गोष्ट वाटते. मला ती खबरदारीची यादी वाटते.

रानमेवा

@बाय_डिचोली: हे वाक्य मी मित्रांना वाचून दाखवणार आहे. खरंच असा विचार आम्ही केला नव्हता.

सांगेकर_मामा

माझा प्रश्न वेगळाच. आपल्या घटनेवर सिनेमा का नाही? इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत आहे, दर नोव्हेंबरला आयनॉक्सबाहेर रांगा लागतात, गोव्याची पोरं कॅमेरे घेऊन फिरतात. बाहेरचे येऊन इथे समुद्रकिनारा आणि दारू दाखवून जातात. आपल्या आतल्या गावांची गोष्ट कोण दाखवणार?

अवांतर: गेल्या इफ्फीत मी रांगेत उभा राहून पाय मोडून घेतले आणि शेवटी दार बंद. ज्येष्ठ नागरिकांसाठी काहीतरी सोय करा म्हणावं.

मांडवीकाठ

मामा, पुढच्या वेळी मला फोन करा, मी रांगेत उभा राहतो, तुम्ही सावलीत बसा.

आपल्या घटनेवर सिनेमा करायचा तर लिहिणाऱ्यापुढे एक मोठी अडचण आहे. अशा सिनेमाला पाठलाग लागतो. मशहदमध्ये तपास होता, कोरियात होता. इथे १५ वर्षं कोणी शोधतच नव्हतं. नायक कोण? तपास कोणाचा? २००९ मध्ये एका बेपत्ता मुलीच्या शोधात तो हाती लागला आणि मग मागचं सगळं बाहेर आलं. पटकथेच्या भाषेत बोलायचं तर मध्यंतरापर्यंत काही घडतच नाही.

फोंडेकर

घडत कसं नाही? दर वर्षा-दोन वर्षांनी एका घरात एक मुलगी परत येत नाही. तोच सिनेमा. एक घर, मग दुसरं घर. शिवणकामाला जाणारी, घरकाम करणारी, हुंड्याची ऐपत नसलेल्या घरातली. प्रत्येक घराला वाटतं, गेली कोणाबरोबर तरी, सुखात असेल. आई दर चतुर्थीला वाट बघते. खुनी एकदाही पडद्यावर आला नाही तरी चालेल.

केपेकर

हा सिनेमा मी बघेन, फोंडेकर. मनापासून सांगतो.

तिसवाडीची

'दहाड' पाहिलीय का कोणी? २०२३ ची मालिका, रीमा कागती आणि झोया अख्तरची. तिची कल्पना कर्नाटकातल्या सायनाइड मोहन प्रकरणाशी मिळतीजुळती आहे. तो शिक्षक होता, त्यालाही २००९ मध्येच पकडलं. लग्नाचं वचन द्यायचा, मुलीला परगावी न्यायचा आणि गर्भधारणा होऊ नये म्हणून गोळी आहे असं सांगून सायनाइड द्यायचा. बस स्टँडच्या स्वच्छतागृहात मुली मेलेल्या सापडायच्या आणि प्रत्येक मृत्यूची वेगळी नोंद व्हायची, आत्महत्या म्हणून. हेही दागिन्यांसाठी. आपल्यापासून काही तासांवर, जवळपास त्याच काळात!

मालिकेने गोष्ट राजस्थानात नेली. तिथे मात्र एक पोलीस बाई बेपत्ता मुलींच्या अर्जांचे कागद एकमेकांशेजारी मांडते आणि तिथून सुरुवात होते. मांडवीकाठ, तुमचा पाठलाग असा सापडतो. खुन्याच्या मागे धावण्याआधी कोणीतरी मुली मोजायला हव्यात.

वकील_मडगाव

अगदी बरोबर. एका ठाण्यातला बेपत्तेचा अर्ज आणि दुसऱ्या ठाण्यातला अनोळखी मृतदेह, हे दोन कागद एकत्र आणणं हेच काम. ते तेव्हा झालं नाही.

आजची स्थिती सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. १८ वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण समजून लगेच गुन्हा नोंदवायला हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. सज्ञान मुलीसाठी बेपत्ता म्हणून नोंद होते, तिची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. घातपाताचा संशय असेल तर स्पष्ट शब्दांत तसं लिहून द्या. '२४ तास थांबा' असा काही कायदा नाही. गुन्ह्याची तक्रार असेल तर 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

शिरोड्याची_लेक

हा धागा मला एका मैत्रिणीने पाठवला. मी अंगणवाडीत काम करते, शिरोडा भागात. कोणाचं नाव घेणार नाही आणि कृपया विचारू नका.

त्या घरांपैकी एका घरी माझं येणं-जाणं आहे. मुलगी गेली तेव्हा त्यांनी तक्रार दिली नाही. लोक विचारतात, का नाही दिली? कारण तक्रार द्यायची म्हणजे आपली मुलगी कोणाबरोबर तरी गेली हे पंचायतीपासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगायचं. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. बापाने ठरवलं, गप्प बसायचं. तो माणूस नेमक्या अशाच घरांतल्या मुली निवडत होता, ज्यांच्या घरचे गप्प बसतील. हे त्याला चांगलं माहीत होतं.

पकडल्यानंतर त्या घरी पत्रकार आले, कॅमेरे आले, पुढारी आले. सगळ्यांनी त्या माणसाबद्दल विचारलं. मुलगी कशी होती हे कोणी विचारलं नाही. ती मासळीचं सुकं फार चांगलं करायची, दशावताराच्या रात्री सगळ्यात पुढे बसायची, धाकटीला हाताला धरून शाळेत सोडायची. हे मला तिच्या आईने सांगितलं, न विचारता, भांडी घासताना.

सिनेमा दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवणार असाल तर भिंतीवर जाहिरात लावताना खुन्याचा चेहरा लावू नका. आणि त्या घरांना आधी कोणीतरी जाऊन सांगा. बोलवायला नको, नुसतं सांगा. बाजारात दुसऱ्याकडून कळलं की फार लागतं.

सुलभा_म्हापसा

बाय, देव बरें करूं. हे लिहिलंस.

पुण्यात_गोंयकार

शिरोड्याच्या ताईंनी जे सांगितलं तेच अमेरिकेत झालं होतं. जेफ्री डामरवर २०२२ मध्ये मालिका आली, जगभर गाजली. त्याने १७ जणांना मारलं होतं. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी जाहीरपणे सांगितलं की आम्हाला कोणी विचारलंही नाही. बहिणीने कोर्टात फोडलेला टाहो एका अभिनेत्रीने हुबेहूब करून दाखवला आणि ती बहीण घरी बसून तो बघत होती. आधी जाऊन सांगणं ही फार लहान गोष्ट आहे, पण एवढ्या मोठ्या कंपन्यांना ती सुचत नाही.

केपेकर

माझा विरोध तुलनेला होता, खेळाला नव्हता, हे नोंदवून ठेवतो. आणि सुलभाताईंच्या डब्याच्या वेळच्या गप्पांबद्दल वाचल्यावर तुलनेबद्दलही माझ्याकडे तयार उत्तर नाही. शिरोड्यात त्या घरांकडे जायचं असेल तर मी येतो. माझी ओळख आहे, मी गेलो तर लोक दार उघडतील.

फोंडेकर

काल मंडळाची बैठक झाली. हा धागा छापून नेला होता, सगळ्यांनी वाचला. काय ठरलं ते सांगतो.

पुढच्या महिन्यात 'होली स्पायडर' नाही. आधी 'मेमरीज ऑफ मर्डर' दाखवतोय, आणि वकील_मडगाव यांनी येऊन बेपत्तेच्या तक्रारीबद्दल अर्धा तास बोलायचं कबूल केलंय. 'होली स्पायडर' त्याच्या पुढच्या महिन्यात, फक्त प्रौढांसाठी. त्याआधी केपेकर आणि मंडळातल्या दोन बायका शिरोड्यात जाऊन येतील. कोणत्याही घराने नको म्हटलं तर आम्ही तो फोंड्यात दाखवणार नाही, हे एकमताने ठरलंय. मांडवीकाठ पणजीत जागा बघून ठेवतायत. फलकावर रहिमीचा चेहरा असेल.

सुलभाताई, चर्चा तुम्ही चालवावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. कॅमेऱ्याबद्दल जे इथे लिहिलंत ते तिथे सगळ्यांसमोर मांडा.

सुलभा_म्हापसा

येईन. पण सिनेमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, ते तसंच मांडेन.

मांडवीकाठ

तसंच मांडा, मी समोरच्या बाजूने भांडायला बसतो.

बाय_डिचोली

कोरियन सिनेमा किती वाजता? तुमचे खेळ संध्याकाळी ६ ला असतात असं ऐकलं. चर्चा धरून ९ वाजतील. त्यानंतर फोंड्याहून डिचोलीला बसने कशी येणार? एवढा सगळा धागा बायकांच्या सुरक्षिततेवर लिहिलात आणि खेळाची वेळ पुरुषांच्या सोयीची.

शिरोड्याची_लेक

+१. शिरोड्याच्या बसचंही तेच. दुपारी ठेवा, मी आणखी चारजणींना घेऊन येते.

फोंडेकर

रविवार, दुपारी २.३०. आत्ताच बदलून घेतलं. ६ च्या आत सगळं आटपेल. परतीची बस ज्यांना मिळणार नाही त्यांनी मला कळवा, मंडळातल्या गाड्या आहेत, प्रत्येक गाडीत एक तरी बाई असेल अशी व्यवस्था करतो.